कोल्हेकुईची शिकवणी

जानेवारीतल्या एका पहाटे, कॅन्सस राज्याच्या फ्लिंट हिल्स या गवताळ टेकड्यांमध्ये, शून्याखाली नऊ अंशांच्या थंडीत सीडरच्या झुडपाला पाठ लावून मी लाकडी पिपाणीतून जखमी सशाचा आक्रोश काढत होतो, तेव्हा माझ्या हाकेला ओ देऊन जी जनावरे सर्वांत आधी धावत आली ती अँगस जातीच्या चाळीसेक काळ्या गाई होत्या. माझा ससा त्यांना अडकलेल्या वासरासारखा वाटला असावा. अर्धवर्तुळ करून, नाकपुड्यांतून वाफा सोडत त्या माझ्याकडे टक लावून उभ्या राहिल्या, आणि शेजारी मांडीवर रायफल घेऊन बसलेले त्या गाईंचे मालक हसता हसता डोळे पुसू लागले. आम्ही ज्याची वाट पाहत होतो तो कायोटी, म्हणजे कोल्ह्याच्या जातकुळीतला इथला रानटी प्राणी, त्या दिवशी काही आला नाही.

मी विचिटा शहरात विमानांच्या सुट्या भागांचे आरेखन करतो. हे मालक माझ्या एका सहकाऱ्याचे सासरे, वय सत्तरीपुढचे. येथे वडीलधाऱ्यांनाही पहिल्या नावाने हाक मारतात, परंतु ते माझ्याने होत नाही, म्हणून तोंडावर मी त्यांना ‘सर’ म्हणतो आणि घरी बायकोशी बोलताना ‘पाटील’. वासरे जन्मण्याच्या हंगामात कायोटींचा त्यांना उपद्रव होतो, त्यामुळे हिवाळ्याच्या अखेरीस ते स्वतःच्या रानात कायोटी मारतात. कॅन्ससमध्ये याला वर्षभर मुभा आहे.

आपल्याकडच्या जुन्या शिकारकथांत हाका असतो: हाकारे ढोल बडवत रान उठवतात आणि घाबरलेले जनावर बंदुकीपुढे येते. येथे मी जे शिकत आहे त्यात रान उठता कामा नये. जनावराने आपल्या पायांनी, आपल्या भुकेने किंवा कुतूहलाने चालत यायचे असते, आणि म्हणून आवाज काढणाऱ्याचे काम हाकाऱ्याच्या नेमके उलटे आहे. माझ्या लहानपणी आमच्या शिवारात येणारा एक पारधी पिंजऱ्यातल्या पाळीव तित्तराला बोलते करून रानातले तित्तर फाशात आणत असे. पाटलांची पद्धत पाहिल्यावर मला पहिल्यांदा त्याचीच आठवण झाली.

कायदेशीर बाजू थोडक्यात सांगतो, कारण घरून पहिला प्रश्न तोच आला होता. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी नागरिकाला येथील संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, मात्र त्याच्याकडे वैध शिकार परवाना असल्यास त्याला सूट आहे. कॅन्ससमध्ये १ जुलै १९५७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीसाठी सुरक्षा प्रशिक्षणही घ्यावे लागते. मी प्रशिक्षण घेतले, परवाना काढला, तरीही बंदूक पाटलांकडे आणि पिपाणी माझ्याकडे ही वाटणी कायम आहे.

पिपाण्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. बंद पिपाणीत धातूची जीभ नळीच्या आत बसवलेली असते. नुसती फुंकली तरी सशाचे रडणे निघते आणि पुढचे तोंड मुठीने झाकले-उघडले की त्या रडण्यात ‘वाँऽ वाँऽ’ असा हेलकावा येतो. नवशिक्याला ती सोपी, परंतु कडाक्याच्या थंडीत श्वासातली वाफ जिभेवर गोठते आणि ऐन वेळी ती मुकी होते, म्हणून ती शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवायची. उघड्या पिपाणीत प्लॅस्टिकची पातळ पट्टी एका खोबणीवर मोकळी असते आणि तिच्यावर ओठ किंवा दात टेकवून सूर धरावा लागतो. टोकाशी दाब दिला की उंदराची चिरचिर, मुळाकडे सरकलो की मोठ्या रानसशाचा घोगरा आकांत. दोन महिने मी ती गाडीत, कामावर जाता-येता वाजवली. सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक काच वर करत. घरी परवानगी नव्हती. या पिपाण्यांचा व्यापार १९५० च्या दशकात वाढवला तो टेक्सासमधील मार्बल फॉल्स गावच्या मरी आणि विन्स्टन बर्नहॅम या भावांनी. पाटलांच्या मते मात्र उत्तम पिपाणी म्हणजे स्वतःच्या हाताची पाठ: तिच्यावर ओठ दाबून हवा आत ओढली की उंदीर चिरकल्यासारखा जो आवाज होतो, त्याला शेवटच्या पन्नास-साठ मीटरांत तोड नाही.

आवाज जमायला लागल्यावर मला वाटले की शिकणे संपत आले. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली, कारण मला थांबता येत नव्हते. तीस सेकंद आक्रोश आणि मग दोन-तीन मिनिटे पूर्ण शांतता, असे पंधरा-वीस मिनिटे करायचे असते. आणि त्या शांततेत हात, मान, नाक काहीही हलवायचे नसते. दीड किलोमीटरवरून आलेला आवाज नेमक्या कुठल्या झुडपातून आला हे कायोटीला कळते, त्यामुळे तो निघाल्यानंतरही आपण वाजवत राहिलो तर आपणच आपला पत्ता त्याला देत असतो. शिवाय तो सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूने वास घेत येतो. म्हणून पिपाणीवाला एकीकडे आणि बंदूकवाला त्याच्यापासून चाळीसेक मीटर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, अशी आमची बैठक असते. फेब्रुवारीत एकदा मी खाज सुटलेला कान खाजवायला वळलो, तर मागे वीस पावलांवर कायोटी उभा होता. पिवळे डोळे, करडी पाठ, पायांवर तांबूस झाक, आपल्या कोल्ह्याहून थोराड. क्षणभर त्याने माझे काय चुकले हे पाहून घेतले आणि तो गेला. पाटील म्हणाले, “वाजवलेस चांगले, बसलास वाईट.”

फेब्रुवारी हा त्यांच्या जोड्यांचा काळ असल्याने तेव्हा सशापेक्षा कोल्हेकुई अधिक चालते, आणि या गोष्टीला नेमका शब्द असलेली भाषा माझी आहे याचे मला उगाच समाधान वाटते. दोन कायोटी मिळून असे काही सूर बदलतात की ऐकणाऱ्याला आठ-दहा असल्याचा भास होतो. १९७८ मध्ये फिलिप लेहनर या प्राणिशास्त्रज्ञाने त्यांच्या आवाजांचे ११ प्रकार नोंदवले. पाटलांनी मला त्यांपैकी तीनच शिकवले. एकट्याची लांब हाक, कळपाची कुई, आणि भुंकत भुंकत चढणारा इशारा. हा तिसरा आपण वाजवायचा नसतो. तो ऐकू आला की सामान आवरायचे, कारण आपण दिसलो आहोत.

एप्रिलमध्ये रानटी टर्की या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम येतो. तिथे लाकडी खोक्यावर खडू लावलेले झाकण घासून मादीचा आवाज काढतात. निसर्गात मादी नराकडे चालत जाते. आपण नराला उलट बोलावणे धाडत असतो, त्यामुळे जो जास्त बोलतो तो हरतो. पहिल्या वर्षी मी इतके आर्जव केले की तो नर झाडाआड उभा राहून तासभर नुसता उत्तरे देत राहिला.

आता दूरनियंत्रकावर शेकडो आवाज वाजवणारी यंत्रे मिळतात आणि पाटलांचा नातू तेच वापरतो. मला त्यात रस वाटत नाही. जास्तीत जास्त कायोटी मारण्याच्या स्पर्धांचा तर मला तिटकारा आहे. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये अशा बक्षिसी स्पर्धांवर बंदी घातली, कॅन्ससमध्ये त्या अजून भरतात. पाटीलही त्यांत जात नाहीत. आपली वासरे राखण्यापुरते मारावे, असे त्यांचे म्हणणे, आणि ते मारल्याने कायोटी संपतील असा त्यांचा गैरसमजही नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ओढ्याकाठच्या कुरणावर बसलो होतो. तीन वेळा आक्रोश, तीन वेळा शांतता. चौथ्या शांततेत वाळक्या गवतातून एक कायोटी धावत आला आणि ऐंशी मीटरांवर थबकला. मी हाताची पाठ ओठांना लावून एकदाच चिरकलो. त्याने एक कान माझ्याकडे वळवला, आणि त्याच वेळी गोळी सुटली.

पाटलांनी जवळ जाऊन बुटाने शेपूट बाजूला केले आणि “मादी,” एवढेच म्हणाले. ती गाभण होती. थोड्या वेळाने ओढ्यापलीकडून एक हाक आली, खालून चढत जाणारी, लांब, शेवटी किंचित मोडणारी, एकट्याची. पाटलांनी माझ्याकडे पाहून हनुवटीने विचारले, बोलवायचा का?

पिपाणी गोठली आहे, असे मी सांगितले. त्या सकाळी हवा शून्याच्या बरीच वर होती. पाटलांनी रायफल मोकळी केली आणि आम्ही पिकअपकडे चालू लागलो.