‘ळ’ आणि ‘ल’मध्ये अडकलेला ट्रेडमार्क : माझा अनुभव

आमच्या मसाल्यांचं नाव नोंदवण्यासाठी मला दोनदा अर्ज करावा लागला. म्हणजे ४,५०० रुपये फी दोनदा भरली. पण पैशांपेक्षा जास्त राग मला अजूनही एका वाक्याचा येतो : “मॅडम, नाव फ्री आहे.” ठाण्यातल्या एका कन्सल्टंटने दहा मिनिटांत हे सांगितलं आणि मी विश्वास ठेवला.

मी नौपाड्यात राहते. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी घरीच करते. नाव ठेवलं होतं ‘मुसळ’. क्लास ३० (यात मसाले येतात), फॉर्म टीएम-ए म्हणजे नोंदणीचा अर्ज, सगळं ऑनलाइन झालं. काही महिन्यांनी स्टेटस दिसलं ‘ऑब्जेक्टेड’. हा शब्द बघून घाबरू नका. हा ट्रेडमार्क कार्यालयातल्या परीक्षकाचा आक्षेप असतो. दुसऱ्या कोणी विरोध केला तर ‘अपोज्ड’ येतं. मला हा फरक माहीत नव्हता, त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

परीक्षकाच्या रिपोर्टमध्ये ट्रेडमार्क कायद्याचं कलम ११ (आधीच्या नावाशी साम्य) आणि चार जुनी नावं होती. तिघांचं उत्तर सहज देता आलं असतं. चौथं नाव इथे लिहीत नाही, पण मुसळालाच हिंदीत जे म्हणतात ते. आपल्या ‘ळ’च्या जागी ‘ल’. मालही तोच, मसाले. आणि ते माझ्या कितीतरी आधीपासून बाजारात.

उत्तराला ३० दिवस. कन्सल्टंटने मसुदा पाठवला : ‘दिसायला, ऐकायला आणि अर्थाने पूर्णपणे वेगळे.’ अर्थाने वेगळे? दोन्ही मुसळच की! त्याने रिपोर्ट वाचलासुद्धा नव्हता. शोध घेतानाही फक्त माझंच स्पेलिंग टाकून बघितलं होतं, हे तेव्हा कळलं. मग मी स्वतः लिहायला बसले. ‘ळ’ स्वतंत्र अक्षर आहे, मराठी माणूस ‘काळ’ आणि ‘काल’ यांत गोंधळत नाही, अशी दोन पानं भरली. ती पाठवणारच होते.

त्याच आठवड्यात जांभळी नाक्यावरच्या एका दुकानात माल द्यायला गेले. फोनवर ऑर्डर घेणारा मुलगा उत्तर प्रदेशचा. माझ्या मालाची चिठ्ठी त्याने खिळ्याला लावून ठेवली होती. बॉलपेनने, ठसठशीत अक्षरात : ‘मूसल गोडा ५०’. शेंगदाण्याच्या पोत्याजवळ मी ती चिठ्ठी हातात धरून उभी राहिले. माझी दोन पानं तिथेच संपली. पाकिटाच्या इंग्रजी बाजूला तर ‘ळ’लाही एल आणि ‘ल’लाही एलच.

नंतर वाचलं, सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ यांच्या बाबतीत हेच सांगितलं होतं. अर्थ वेगळे असले तरी साधं गिऱ्हाईक शब्दाची फोड करत बसत नाही, अर्धवट आठवणीवर माल मागतं. नावं शेजारी ठेवून अक्षरं जुळवायची नसतात, एकूण ठसा बघायचा असतो. आपला प्रामाणिक वापर जुना असेल तर कलम १२ चा आधार घेता येतो, पण माझी बिलं जेमतेम २०२१ पासूनची. मी अर्ज मागे घेतला. त्याच अर्जात नाव बदलता येत नाही, नवाच करावा लागतो.

दुसरं नाव ‘उतरंड’. या वेळी शोध मी घेतला. एक अख्खी संध्याकाळ लागली. सरकारी साइटवर ‘वर्डमार्क’ (लिहिलेल्या शब्दावरून शोध) याबरोबर ‘फोनेटिक’ (उच्चारावरून शोध) हेही निवडा. ऱ्हस्व-दीर्घ बदलून बघा, हिंदी-गुजराती प्रतिशब्द बघा. लोणची क्लास २९ मध्ये येतात, म्हणून तोही क्लास तपासा. आणि त्याच्याही आधी, फोनवरून तीन अमराठी दुकानदारांना नाव सांगा आणि त्यांनी काय लिहिलं ते मागून घ्या. मी घेतलं. तिघांच्याही चिठ्ठीत उतरंडच होती, एकाने ‘ड’खाली टिंब दिलं होतं इतकंच.

आता नाव सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झालं आहे. विरोधासाठी चार महिन्यांची मुदत असते, ती चालू आहे. नव्या पाकिटांवर नुसतं टीएम छापलंय. वर्तुळातला आर नोंदणी होईपर्यंत छापू नका, तो गुन्हा ठरतो. वागळे इस्टेटमधल्या माझ्या प्रिंटरने तो न विचारता टाकला होता. प्रूफमध्ये दिसला म्हणून काढून घेता आला.