अर्धं तेल जिन्यावर
आईसाठी लाकडी घाण्याचं करडई तेल मागवलेलं, ५ लिटरचा डबा, काल आला तर खोका खालून ओलाचिंब, उचलला तशी टेप सुटली, झाकण तिरकं बसलेलं आणि अर्धं तेल जिन्यावर. वर लेबल शेंगदाण्याचं! आईला शेंगदाणा चालत नाही, अंगावर पित्त उठतं, म्हणून जास्त संताप आला. विक्रेता म्हणे खायच्या वस्तू रिटर्न होत नाहीत. अहो पण चूक तुमची ना? ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे सदोष किंवा सांगितला तसा नसलेला माल परत घ्यायला नकार देता येत नाही, तक्रारीची पोचही ४८ तासांत द्यायची असते. फोटो, बिल जोडून मेल केलाय, नाहीतर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावणारच.