वेंगेनमधलं लाकडी घर आणि आई-बाबांचा बर्फातला आठवडा

दोन वर्षांपूर्वी आल्प्समध्ये पहिल्यांदा शॅले, म्हणजे डोंगरातलं लाकडी घर, भाड्याने घेतलं, तेव्हा आमचं सगळं लक्ष स्कीइंगवर होतं. डोंगरावर नेणारी स्की-लिफ्ट किती जवळ, मुलांचा वर्ग कुठे भरतो, उतार सोपे आहेत का. जाहिरातीत 'लिफ्टपासून ५ मिनिटं' लिहिलं होतं आणि ते खरंही होतं. फक्त ती ५ मिनिटं म्हणजे कठडा नसलेल्या, बर्फ गोठून काचेसारख्या झालेल्या पायऱ्या होत्या. कोल्हापूरहून आलेले बाबा पहिल्याच दिवशी तिथे घसरले. लागलं थोडंसंच, पण भीती बसली ती बसलीच. उरलेले सहा दिवस ते खिडकीशी बसून होते आणि त्यांना सोबत म्हणून आईही. संध्याकाळी आम्ही लाल गालांनी घरी यायचो, तर बाबा विचारायचे, "मजा आली का रे पोरांनो?" तो प्रश्न मला अजून टोचतो.

म्हणून या मार्चमध्ये घर शोधताना आधी आई-बाबांचा विचार केला, स्कीचा नंतर. तुम्ही तीन पिढ्या मिळून जाणार असाल तर माझं आग्रहाने सांगणं आहे: जे स्की करणार नाहीत त्यांच्यासाठी घर निवडा. स्की करणारा माणूस कुठूनही लिफ्टपर्यंत पोचतो.

आम्ही निवडलं स्वित्झर्लंडच्या बर्नीज ओबरलांड या डोंगराळ भागातलं वेंगेन. समुद्रसपाटीपासून १२७४ मीटरवर, लाउटरब्रुनेनच्या दरीच्या काठावर वसलेलं गाव. गाडीरस्ता गावापर्यंत जात नाही. लाउटरब्रुनेनहून दात्यांच्या रुळांवर चढणारी छोटी रेल्वे १८९३ पासून माणसांना आणि सामानाला वर नेते. गावात खासगी मोटारी नसल्यामुळे म्हातारी माणसं आणि लहान मुलं रस्त्यावर निर्धास्त चालतात. शिवाय ऊन. खाली लाउटरब्रुनेनमध्ये घरं स्वस्त मिळतात, पण दोन्ही बाजूंना उभे कडे असल्यामुळे हिवाळ्यात तिथे सूर्य जेमतेम डोकावतो. वेंगेन उन्हाच्या बाजूला आहे. दिवसभर घरात राहणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा असतो, त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्यावेत.

घर ठरवण्याआधी मालकीणबाईंना मी बरेच प्रश्न विचारले. स्टेशनपासून दारापर्यंत पायऱ्या किती? चढ किती? कठडा आहे का? दारासमोरचा बर्फ कोण काढतं? आई-बाबांची खोली आणि संडास एकाच मजल्यावर आहेत का? शेवटी वाटेचा हिवाळ्यातला व्हिडिओ मागितला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर काढून पाठवला. नकाशावरचं अंतर पाहून काहीही कळत नाही, कारण नकाशात चढ दिसत नाही. व्हिडिओ मागायला अजिबात संकोच करू नका.

आणखी एक गोष्ट. '८ जणांची सोय' असं लिहिलेलं असतं, त्यात बरेचदा बैठकीतला सोफा आणि शिडीने चढायचा माळा धरलेला असतो. माळा मुलांना स्वर्ग वाटतो. आम्ही आठ जण होतो: आम्ही दोघं, आमची ९ वर्षांची थोरली आणि ६ वर्षांचा धाकटा, आई-बाबा, माझा भाऊ आणि भावजय. मुलांना माळा दिला आणि बाकी तीन खोल्या तीन जोड्यांना मिळाल्या. पण चारही जोड्या मोठ्या माणसांच्या असत्या तर एका जोडीचे हाल झाले असते. म्हणून माणसं मोजण्याऐवजी दार लागणाऱ्या खोल्या मोजा.

भाड्याच्या आकड्यावर जाऊ नका. शेवटची सफाई, चादरी-टॉवेल आणि माणशी प्रत्येक रात्रीचा पर्यटक कर हे बहुधा वेगळं लागतं, वर अनामत रक्कम. सगळं धरून एकूण किती, हे लेखी घ्या. घरं साधारण शनिवार ते शनिवार मिळतात. फेब्रुवारीत युरोपातल्या बऱ्याच शाळांना सुट्या असतात, तेव्हा भाडं सर्वात जास्त. जानेवारीच्या मध्याला वेंगेनमध्ये लाउबरहॉर्नची जगप्रसिद्ध स्की शर्यत असते, त्या आठवड्यात गावात पाय ठेवायला जागा नसते. मार्चचा पहिला पंधरवडा आम्हाला मानवला. दिवस मोठा, ऊन उबदार, वर बर्फ भरपूर. दुपारनंतर खालच्या उतारांवरचा बर्फ भुसभुशीत होतो, एवढं ध्यानात ठेवायचं.

आम्ही जर्मनीतल्या श्टुटगार्टहून रेल्वेने गेलो. इंटरलाकेन ओस्टला गाडी बदलताना नीट पाहा. तिथून सुटणारी गाडी त्स्वाईल्युटशिनेन स्टेशनवर दोन भागांत तुटते, अर्धी लाउटरब्रुनेनला आणि अर्धी ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचूनच चढा. आमच्या समोरचं एक कुटुंब शेवटच्या क्षणी बॅगा ओढत डबा बदलत होतं. मोटारीने येणाऱ्यांना लाउटरब्रुनेन स्टेशनलगतच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवता येते, हमरस्त्यासाठी ४० फ्रँकचा वार्षिक व्हिन्येट, म्हणजे टोलचा परवाना, मात्र आधी घ्यावा लागतो. चार चाकांच्या जड सुटकेस टाळा, बर्फात ती चाकं फिरत नाहीत. मालकीणबाई स्टेशनवर लाकडी घसरगाडी घेऊन उभ्या होत्या. बॅगा तिच्यावर बांधल्या आणि दोरी भावाच्या हातात दिली.

जर्मनीहून येणाऱ्यांसाठी दोन सूचना. तिथले जाड गोल प्लग स्विस सॉकेटमध्ये बसत नाहीत, दोन गोल पिनांचे चपटे प्लग बसतात. आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे मोबाइलचं रोमिंग तुमच्या प्लॅनमध्ये आहे का ते निघण्याआधी बघा.

आता स्वयंपाकघर, कारण आमच्या आठवड्याचा खरा केंद्रबिंदू तिथेच होता. डोंगरावरच्या रेस्टॉरंटमध्ये बटाट्याच्या रोस्टीची एक थाळी २५ फ्रँकच्या आसपास पडते. त्याला आठने गुणून पाहा. घरात शेगडी इंडक्शनची आहे का हे मी आधीच विचारलं होतं, म्हणून स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा कुकर सोबत घेतला. ॲल्युमिनियमचा साधा कुकर तिथे निरुपयोगी ठरला असता. कुकर हवाच, कारण या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. पहिल्या रात्री आईने घाईत भात उघड्या पातेल्यात लावला, तर अर्धा तास झाला तरी शिताला मधे टणक कणी. आईने शीत बोटांत दाबून पाहिलं, "हे पाणी नुसतं उकळतंय, शिजवत नाहीये," म्हणाली आणि सगळं कुकरात ओतलं. दुसऱ्या दिवसापासून मुगाची खिचडी, पिठलं, कुळीथ सगळं बिनबोभाट झालं.

कणीक, डाळी, मसाले आमच्याकडून नेले. भाज्या, दूध, दही, अंडी गावातल्या कूप नावाच्या दुकानात मिळतात. भारतातून थेट येणाऱ्यांनी तूप, पनीर, खवा, मांसाचे पदार्थ सामानात घालू नयेत, त्यांना बंदी आहे. फोडणी देण्याआधी चिमणी चालू करा आणि खिडकी किलकिली ठेवा. लाकडाच्या घरात वास मुरतो आणि धुराचा अलार्म पटकन वाजतो. ओट्याचा दगड पांढरा असेल तर हळदीच्या डब्याखाली ताटली ठेवा. पाहुण्यासारखं वागलं की अनामतही पूर्ण परत मिळते. गरम पाण्याची टाकी ठरावीक मापाची असते. आठ जणांनी एकापाठोपाठ अंघोळी केल्या तर शेवटचा गारठतो, म्हणून निम्म्यांनी सकाळी आणि निम्म्यांनी रात्री केल्या.

मुलांचा स्कीचा वर्ग पाच दिवसांचा होता. आरक्षण दोन महिने आधी केलं होतं. बूट, स्की, हेल्मेट गावातच भाड्याने घेतले. बूट निवडायला अर्धा तास द्या. पोटरीला घट्ट, पण बोटं हलली पाहिजेत. धाकट्याचे पहिले बूट सैल होते, दुपारी तो रडत आला. दुकानदाराने काही न बोलता बदलून दिले. नवशिक्यांचा उतार गावाच्या मधोमध आहे, त्यामुळे आई रोज ११ वाजता शाल गुंडाळून काठावर जाऊन बसायची. नातू पडला की उठायची, तो उभा राहिला की बसायची.

बाबांसाठी बुटांना चढवायचे रबरी काटे आणि दोन काठ्या घेतल्या होत्या. या आठवड्यातली सगळ्यात मोलाची खरेदी तीच. पहिले दोन दिवस ते फक्त स्टेशनपर्यंत गेले, कूपमधून दूध घेऊन आले. तिसऱ्या दिवशी भाऊ त्यांना केबलकारने मेनलिखेन डोंगरावर घेऊन गेला. तिथून क्लाइने शायडेग या खिंडीपर्यंत हिवाळ्यातही दाबून सपाट केलेली पायवाट असते. बहुतांशी उताराची आणि समोर पूर्ण वेळ आयगर शिखराची उत्तर भिंत. लोक ती दीड तासात चालतात. बाबांना अडीच तास लागले. क्लाइने शायडेगला, २०६१ मीटरवर, आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ ओळीने समोर पाहून ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग चहा मागितला. येताना रेल्वेने अर्ध्या तासात घरी. पायी फिरणाऱ्यांसाठी वेगळं तिकीट असतं, स्कीचा पास घेण्याची गरज नाही.

युंगफ्राऊयोख या उंचावरच्या रेल्वे स्टेशनला मात्र आई-बाबांना नेलं नाही. ते ३४५४ मीटरवर आहे आणि बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी नको म्हटलं, आम्ही ऐकलं. तुम्हीही निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

विम्याकडे दुर्लक्ष करू नका. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, पण त्या पॉलिसीत हिवाळी खेळ आणि डोंगरातली सुटका धरलेली असेलच असं नाही. ती ओळ शोधून वाचा. रुग्णवाहिकेसाठी १४४ आणि हेलिकॉप्टरने सुटका करणाऱ्या रेगासाठी १४१४, हे दोन नंबर आम्ही फ्रिजवर चिकटवले होते.

आठवड्यातला एक दिवस वाऱ्याचा जाणार हे गृहीत धरा. दक्षिणेकडून फ्योन (Föhn) नावाचा गरम वारा सुटला की केबलकार बंद पडतात. आमचा गुरुवार तसा गेला. पत्ते, कुकरच्या शिट्ट्या, खिडकीबाहेर वाऱ्याने झोडपली जाणारी झाडं. मुलं आजही त्याच दिवसाबद्दल सर्वात जास्त बोलतात.

शनिवारी सकाळी १० पर्यंत घर सोडायचं होतं. कचरा शुल्क भरलेल्या ठरावीक पिशव्यांतच टाकावा लागतो. त्या पिशव्या पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा, शेवटच्या सकाळी दुकान शोधत बसू नका. बाटल्या वेगळ्या, कागद वेगळा. भांडी घासून जागेवर लावली, आईने ओटा दोनदा पुसला. मालकीणबाईंनी घर पाहिलं, मान डोलावली आणि आईला घरच्या जॅमची बरणी दिली. आईने उरलेल्या मेतकुटाची पुडी त्यांच्या हातात ठेवली आणि भातावर कसं घ्यायचं ते मराठीत समजावून सांगितलं.

सामानाची घसरगाडी स्टेशनपर्यंत ओढायला भाऊ पुढे झाला, तर बाबांनी दोरी त्याच्या हातातून काढून घेतली.