करता की करताय?

मुलाखतीत मॅडमनी विचारलं, ‘व्हॉट डू यू डू?’ मी म्हटलं, ‘आय ॲम सिटिंग.’ बसलेच होते की! त्या हसल्या नाहीत, पण नोकरीही मिळाली नाही.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून. गो-वेंट-गॉन अजूनही झोपेत म्हणेन, पण साधा वर्तमानकाळ गाळलेल्या जागा भरण्यापुरताच. तो एकेचाळिसाव्या वर्षी मुलीच्या वहीवरून पुन्हा काढला.

पहिला घोळ ‘एस’चा. एस म्हणजे अनेकवचन हे डोक्यात पक्कं, म्हणून ‘बॉईज प्लेज’ लिहायचे. मुलगी म्हणाली, ‘अगं आई, उलटं.’ एक मुलगा खेळतो तेव्हा ‘द बॉय प्लेज’, पुष्कळ खेळतात तेव्हा ‘द बॉईज प्ले’. मग मी मनाशी धरलं, एस एकच; कर्त्याने घेतला तर क्रियापदाला उरत नाही. ‘वी’, ‘दे’, ‘चिल्ड्रेन’ आले की ही युक्ती फसते, तिथे कुणालाच मिळत नाही. आणि प्रश्नात, नकारात ‘डझ’ येऊन तो एस आधीच गिळून बसतं: ‘शी वर्क्स’, पण ‘शी डझ नॉट वर्क’. ‘डझ नॉट वर्क्स’ किती वेळा खोडलं असेल! जातो, जाते, जातं, जातात हे सगळं आपण न अडखळता बोलतो आणि एका एसपाशी अडतो.

खरा उलगडा भाजी निवडताना झाला. शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘काय करतेस गं?’ नाही, ‘काय करतेयस?’ म्हणाल्या त्या. ‘करतेस’ म्हणाल्या असत्या, तर मी शिवणकाम सांगितलं असतं! म्हणजे मॅडमचा प्रश्न ‘काय करता?’ होता आणि मी ‘काय करताय?’चं उत्तर देऊन आले. मग रोजची कामं पुटपुटत सुटले. मशीन उघडते, ‘आय ओपन’. आत्ता उघडतेय, ‘आय ॲम ओपनिंग’. उद्या सातला गाडी सुटते, तर ‘द ट्रेन लीव्ज ॲट सेव्हन’. इथे तर दोन्ही भाषा चक्क जुळल्या.

पण हा ‘य’ दगाही देतो. आपण ‘मला वाटतंय’, ‘मला माहितेय’ म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘आय थिंक’, ‘आय नो’. कालच एका गिऱ्हाईकाला ब्लाऊजचं माप सांगताना ठसक्यात म्हणाले, ‘आय ॲम नोइंग!’