डिस्कला देश नसतो

मागच्या महिन्यात मला एक गेम विकत घ्यायचा होता आणि त्याचे पैसेही माझ्याजवळ होते, तरीही तो मला घेता आला नाही. प्लेस्टेशन या कन्सोलवरचे, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्रावरचे, माझे खाते मी लातूरला असताना उघडले होते, त्यामुळे त्या खात्याचा देश भारत असा नोंदलेला आहे. हेलसिंकीतल्या बँकेचे माझे कार्ड त्या खात्याला चालत नाही आणि खात्याचा देश बदलण्याची सोयच ठेवलेली नाही. नवे खाते उघडा, मात्र जुन्या खात्यातले गेम त्यात येणार नाहीत, असे मला ग्राहक सेवेतून अत्यंत नम्रपणे सांगण्यात आले. हेलसिंकीला आल्यापासूनच्या या चार वर्षांत मी घर बदलले, नोकरी बदलली, फिनलंडच्या कर खात्याने आणि नोंदणी कार्यालयाने मला सुरळीत नोंदवून घेतले. पदरचे पैसे मोजून घेतलेले माझे गेम तेवढे सरहद्दीपलीकडे राहिले.

त्याच संध्याकाळी मी आमच्या भागातल्या वाचनालयात गेलो आणि तोच गेम, प्लेस्टेशन ५ च्या डिस्कवर, एक पैसाही न देता घरी घेऊन आलो.

येथे सार्वजनिक वाचनालयाचा वापर आणि पुस्तके घरी नेणे कायद्यानेच विनामूल्य आहे, आणि वाचनालयाच्या लेखी गेम ही पुस्तकासारखीच घरी नेण्याची वस्तू आहे. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी कितीतरी वेळ त्या फळीसमोर उभा होतो. कादंबऱ्यांच्या कपाटापासून चार पावलांवर गेमचे डबे उभे लावलेले होते, प्रत्येकावर वाचनालयाची पट्टी चिकटवलेली होती, आणि कोपरे झिजलेले होते, म्हणजे ते डबे अनेक घरे फिरून आलेले होते. माझ्या शेजारी साठीच्या एक बाई नातवासाठी नव्हे, स्वतःसाठी गेम निवडत होत्या. त्या दिवशी पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाने उचललेल्या डब्यावर १८ चा आकडा होता. ग्रंथपाल बाईंनी आवाज न चढवता त्याला तो आकडा बोटाने दाखवला, त्याच्याबरोबर फळीपर्यंत चालत गेल्या आणि त्याच्या वयाला चालणारे दोन गेम काढून दिले. मुलाचा चेहरा उतरला होता, पण अपमान झाल्याची खूण त्यावर नव्हती. वयाचा नियम इतक्या सौजन्याने पाळता येतो हे मी माझ्या शाळेच्या वयात पाहिले असते, तर घरी किती तरी खोटे बोलणे वाचले असते.

संसद भवनासमोरचे ओदी हे मध्यवर्ती वाचनालय ५ डिसेंबर २०१८ रोजी, म्हणजे फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, सुरू झाले. त्यात शिवणयंत्रे आहेत, थ्रीडी प्रिंटर आहेत आणि गेम खेळण्यासाठी स्वतंत्र खोल्याही आहेत. आपल्या सगळ्यांच्या नोकियावरचा तो साप याच देशात, १९९७ साली, तानेली आर्मान्तो यांनी बनवला होता. ताम्पेरे शहरात फिनिश गेमचे संग्रहालय आहे, आणि ते उभे करण्यासाठी लोकांनी वर्गणी दिली. गेम ही जपून ठेवण्याची गोष्ट आहे, हे येथे कुणाला पटवून द्यावे लागत नाही.

मात्र एका सहकाऱ्याने मला विचारले की तुमच्याकडे तर सगळे गेम चोरीच्या सीडीवरच चालायचे ना, तेव्हा मला राग आला. आमच्या लातुरात गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांपैकी एका रस्त्याच्या बोळात प्लेस्टेशन २ चे पार्लर होते, तासावर पैसे घेणारे, शटर अर्धे खाली ओढलेले. अस्सल डिस्क विकणारे एकही दुकान मला त्या काळी गावात माहीत नव्हते. ज्या गावात बारावीच्या गुणांवरून घराची पत ठरते, ज्या गावाच्या नावाने अभ्यासाचा पॅटर्न ओळखला जातो, त्या गावात ट्यूशनच्या दोन तासांमधला मोकळा अर्धा तास आम्ही तेथे घालवत असू. प्रत्येकाचे आपले मेमरी कार्ड असे, आठ एमबीचे, बोटभर लांबीचे, आणि त्यात आमचा सगळा पराक्रम साठवलेला असे. मी माझे कार्ड रुमालात गुंडाळून कंपासपेटीत ठेवत असे. लोडशेडिंगची वेळ जवळ आली की पार्लरवाले काका बाहेरून ओरडत, ‘सेव्ह करा रे लेकरांनो, लाइट जाईल!’ एक जण खेळे आणि पाच जण पाठीमागे उभे राहून पाहत. डिस्कवर ओरखडा पडला की काका ती सदऱ्याच्या कडेने मधून बाहेरच्या दिशेने पुसत. गोल गोल पुसायची नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

ती डिस्क नकली होती हे मी नाकारत नाही. पण ती हातातून हातात जात होती, आणि ज्याच्याकडे पैसे नव्हते त्यालाही निदान पाहायला मिळत होते. फिनलंडचे वाचनालय जे काम कायद्याने करते, तेच काम आमच्या बोळातले पार्लर कायदा मोडून करत होते असे मी म्हटले, तर त्यात मला लाज वाटत नाही.

आज कन्सोलचे जग नेमके उलट्या दिशेने चालले आहे, आणि माझे सगळे दुःख त्याच्याशीच निगडित आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये डिस्क ड्राइव्ह नाही. हवा असेल तर वेगळा विकत घ्यायचा. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ च्या काही कार्डांमध्ये गेम नसतोच, फक्त त्याची किल्ली असते, आणि गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. माझ्या घरापासून फार लांब नसलेल्या एस्पो शहरात रेमेडी या कंपनीने बनवलेला ‘अ‍ॅलन वेक २’ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तो केवळ डिजिटल स्वरूपात. डिस्क यायला एक वर्ष लागले, म्हणजे वाचनालयांच्या या देशातल्या वाचनालयालाही आपल्याच शेजारचा गेम वर्षभर फळीवर ठेवता आला नाही. आणि युबिसॉफ्ट या कंपनीने २०१४ चा ‘द क्रू’ हा आपल्या सर्व्हरला जोडूनच चालणारा गेम ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करून कायमचा थांबवला, तेव्हा डिस्क जवळ असलेल्यांच्या हातीही नुसती चकती उरली. त्याविरुद्ध युरोपात नागरिकांनी सह्यांची मोहीम काढली आणि जुलै २०२५ मध्ये तिने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. येथले लोक गेमसाठी सह्या करतात याचे मला कौतुक वाटते.

पीसीवर डिस्क केव्हाच संपली. तरीही पीसीबद्दल मला आदर आहे, कारण तेथे गेमची फाइल उघडून पाहता येते, मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच केलेले बदल, टाकता येतात, आणि जीओजीसारखे इंटरनेटवरचे दुकान गेम कुलूप न लावता हाती देते, म्हणजे तो हार्ड डिस्कवर उतरवून कपाटात ठेवता येतो. पण पीसीवरच्या दुसऱ्या एका मोठ्या दुकानाच्या, गेम वाटून खेळण्याच्या कुटुंब योजनेत मी माझ्या भाच्याला जोडायला गेलो, तेव्हा कळले की कुटुंब सहा जणांचे असू शकते, परंतु ते एकाच घरात राहणारे असावे. माझी बहीण, तिचा मुलगा, आई आणि मी एका कुटुंबातले नाही, हे मला प्रथमच सांगण्यात आले.

व्हीआरविषयी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात खेळण्याविषयी, थोडे सांगतो. हेडसेट घालून २०२० चा ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’ खेळलो तेव्हा टेबलावरची बाटली उचलून मी ती उगीचच न्याहाळत बसलो, इतकी ती खरी वाटली. चालण्याचे गेम मला सोसत नाहीत. डोळ्यांना गती दिसते, कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र शरीर जागेवरच आहे असे सांगते, आणि त्या भांडणात पोट ढवळून निघते. पण माझी खरी हरकत वेगळी आहे. हेडसेटमध्ये एकच माणूस मावतो. पाठीमागे उभे राहणाऱ्या पाच जणांना तेथे जागा नाही.

आई फोनवर अजूनही विचारते, ‘काय करलालास लेकरा, आणखी गेमच खेळलालास का?’ मी तिला सांगतो की येथे माझ्या वयाची माणसे खेळतात आणि त्याबद्दल कुणी त्यांना टोकत नाही. ती म्हणते, ‘तिकडचं तिकडं.’ माझ्या दोन पगारवाढी तिच्यासमोर ठेवून झाल्या आहेत, तरी तिचे समाधान होत नाही.

यंदा दिवाळीला लातूरला गेलो तेव्हा बॅगेत चॉकलेटच्या खाली पाच डिस्क होत्या, सगळ्या येथल्या जुन्या सामानाच्या दुकानातून विकत घेतलेल्या. प्लेस्टेशन ५ च्या डिस्कला प्रदेशाचे कुलूप नसते. युरोपातली डिस्क भाच्याच्या कन्सोलवर निमूटपणे चालली. त्याआधी त्याने शंभर जीबीहून मोठा एक गेम नेटवरून उतरवायला लावला होता आणि मला सांगितले होते, ‘मामा, परवापासून डाउनलोडच होलालंय.’

परवा त्याने एक फोटो पाठवला. डब्याच्या झाकणाच्या आत त्याने वहीचा फाडलेला कागद चिकटवला आहे आणि त्यावर गल्लीतल्या चार मुलांची नावे, नेल्याची तारीख आणि आणल्याची तारीख असे रकाने आखले आहेत. तिसऱ्या मुलाचा आणल्याचा रकाना रिकामा आहे. भाचा त्याच्यावर चिडलेला आहे, आणि पुढच्या वेळी दोन डिस्क जास्त आणा असे त्याने फोटोखाली लिहिले आहे.