मुलांना जुनं कसं चालतं?

परवा जिन्यात तुम्ही विचारलंत, "तुमची मुलं जुने कपडे, जुनी दप्तरं मुकाट्यानं वापरतात कशी हो? आमचा तर दुकानातच लोळण घेतो." माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि तिसरा मजला अजून यायचा होता, म्हणून नुसता हसलो. हाच प्रश्न शाळेच्या फाटकापाशीही होतो, वाढदिवसांनाही होतो. (बायकोला कोणी विचारत नाही. तिनं जुनं वापरलं तर ती काटकसरी, मी वापरलं तर मी पर्यावरणवाला.) आता तुम्ही विचारलंतच आहे तर एकदा बैजवार सांगतो.

पहिली गोष्ट, मुकाट्यानं मुळीच वापरत नाहीत. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये धाकट्यानं ताईचं दप्तर पाठीवरून काढून फरशीवर आपटलं आणि म्हणाला, "ह्या घरात आधी ताईचं नव्हतं असं माझं काय आहे?" मला पटकन सुचलं ते एवढंच, "तुझा टूथब्रश." बायकोनं माझ्याकडे असं काही पाहिलं की मी स्वयंपाकघरात गेलो. त्याचं खरंच होतं. पहिल्याचं दुसऱ्याला ही मोठ्यांना सोय वाटते, दुसऱ्याला ती उष्टावळ वाटते. त्या संध्याकाळी त्याला लक्ष्मी रोडवर नेलं आणि त्यानं स्वतः निवडलेला, डोळ्यांत खुपेल असा पिवळा रेनकोट घेतला. तेव्हापासून दर जूनला प्रत्येकाची एक वस्तू कोरी आणि त्याच्याच पसंतीची. बूट मात्र नेहमी नवेच. दुसऱ्याच्या पायानं दबलेला बूट मुलाच्या पायात घालायला मला आवडत नाही.

दुसरं, आम्ही हे काही पृथ्वी वाचवायला सुरू केलं नाही. सुरुवात माळ्यावरून झाली. एका पावसाळ्यात वरच्या गच्चीचं पाणी माळ्यात झिरपलं आणि सगळं खाली काढावं लागलं. काय काय निघालं! श्रीखंडाचे चौदा डबे, त्यातल्या नऊंना झाकणं नाहीत. एक चाक नसलेली बाबागाडी. मिक्सरचं खोकं, आत थर्माकोल तसंच. थोरलीचे पहिल्या वर्षाचे कपडे, गाठोडं बांधून ठेवलेले. धाकटा तोवर चार वर्षांचा झाला होता आणि त्याच्यासाठी आम्ही झबली विकत आणली होती, कारण गाठोडं कुठे आहे ते कुणाला आठवतच नव्हतं. त्या गाठोड्याला बुरशी लागली होती. "लागेल कधीतरी" म्हणून जपलेलं सगळं शेवटी कचऱ्यातच गेलं, फक्त चार वर्षं उशिरा.

त्या दिवशी बायकोनं नियम काढला: वस्तू ठेवायची असेल तर ती पुढे कोणाकडे जाणार आणि कधी, ते आत्ताच ठरवायचं. खोक्याला चिकटपट्टी लावून त्यावर नाव आणि महिना लिहायचा. नाव सुचत नसेल तर वस्तू माळ्यावर जात नाही, त्याच आठवड्यात घराबाहेर जाते. तुम्ही "कसं जमतं" विचारलंत त्याचं खरं उत्तर हेच आहे, बाकी सगळं फुटकळ.

कपड्यांचं सोपं असतं. आमच्याकडे चिंचवडच्या भाचीचे येतात आणि आमच्याकडून दोन घरी जातात. तान्ह्या बाळाला सुरुवातीला जुनेच कपडे घालायची आपल्याकडे रीतच होती, आणि तीत तथ्य आहे. पन्नासदा धुतलेल्या सुती झबल्यात खळ राहत नाही, ते अंगाला टोचत नाही. दुपटी आईनं तिच्या जुन्या साड्यांची शिवली होती, दोन थर आणि मधून धावदोरा. नवीन घ्यायचेच झाले तर कपडे वाढत्या अंगाचे घ्या आणि शिलाईच्या आत चार बोटं दुमड ठेवून घ्या. थोरलीच्या शाळेच्या स्कर्टची दुमड तीन वेळा उसवली आहे. प्रत्येक वेळी आतून एक गडद पट्टी निघते आणि शाळा ती चालवून घेते.

डायपरबद्दल खरं सांगतो. घरात लंगोट, बाहेर आणि रात्री डायपर. रात्री तीनला लंगोट बदलायला उठणाऱ्यांना माझा नमस्कार, मी त्यांच्यातला नाही. फक्त वापरलेला डायपर कागदात नीट गुंडाळून वर लाल ठिपका काढा. आपला कचरा न्यायला 'स्वच्छ'च्या ज्या ताई येतात, त्या तो कचरा हातांनी निवडतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ पासून आहे, आणि 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. लाल ठिपका दिसला की पुडी उघडायची नाही, हे त्यांना कळतं.

पुस्तकांत मात्र आम्ही सपशेल हरलो, तेही सरकारच्या हातून. थोरली दुसरीत असेपर्यंत एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे खोडरबरांचा कार्यक्रम असायचा. सगळे जमिनीवर बसून पुस्तकांतल्या पेन्सिलीच्या खुणा खोडायचो. मांडीवर खोडरबराचा भुगा, पंखा बंद, कारण पंख्यानं तो घरभर उडतो. मग जुन्या कॅलेंडरच्या पानांची कव्हरं, तारखांची बाजू आत. अशी पुस्तकं एका घरातून तिसऱ्या घरात गेलेली मी पाहिली आहेत. थोरली तिसरीत गेली ते २०२३ साल. त्या वर्षी दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पानं घातली आणि पुस्तकाचे चार भाग केले. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू, तो चांगलाच. पण कोऱ्या पानावर मूल लिहिणारच, आणि तेही पेनानं. ते पुस्तक पुढच्या मुलाला देता येत नाही. २०२५ च्या जानेवारीत निर्णय मागे घेतला आणि पुस्तकं पूर्वीसारखी झाली. ताईनं काठोकाठ भरलेली तिसरीची पुस्तकं धाकटा आता गुपचूप वाचतो, कारण तिनं समासात बाईंची चित्रं काढली आहेत. वह्यांचं बरं आहे. उरलेली पानं काढून बाइंडिंगवाल्याकडे दिली की वर्षाच्या दोन रफ वह्या होतात.

शाळेचा विषय निघालाच आहे तर ते 'टाकाऊतून टिकाऊ' हे प्रकरण. गेल्या वर्षी धाकट्याला आइस्क्रीमच्या काड्यांचं काहीतरी करून आणायला सांगितलं. काड्या पन्नास. पन्नास आइस्क्रीमं खाण्याची त्याची तयारी होती, माझी नव्हती. शेवटी स्टेशनरीच्या दुकानातून कोऱ्या काड्यांचं पाकीट आणलं, सोबत गोंद, चमकी, सोनेरी कागद. टाकाऊ असं त्यात फक्त माझी रविवारची दुपार होती. पेनस्टँड तयार झालं. घरात आता चार पेनस्टँड आहेत आणि उठणारी पेनं दोन. ह्यापेक्षा मुलाला फाटलेल्या उशीच्या अभ्र्याची पिशवी शिवायला बसवा. ती तिरकी होईल, पण तिच्यात कांदे तरी राहतील.

मुलांना खरोखर रमवणारी एकच गोष्ट सापडली, ती म्हणजे गणपतीची माती. आम्ही शाडूची मूर्ती आणतो, न रंगवलेली, फक्त गेरू आणि हळदीचा हात फिरवलेली. विसर्जन बाल्कनीतल्या बादलीत. पहिल्या वर्षी मुलं बादलीपाशी तासभर उकिडवी बसून होती. पाण्यातून आधी बुडबुडे आले, मग कडा मऊ झाल्या. "सोंड गेली," धाकटा म्हणाला, आणि दोघांपैकी कोणीच हसलं नाही. दुसऱ्या दिवशी वरचं नितळ पाणी हळूच कुंड्यांना घातलं, खालची माती जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून नळावर टांगली. दोन दिवस ठिबकत होती. ती माती आम्ही डब्यात ठेवली (चिकटपट्टीवर लिहिलं: 'बाप्पा, ऑगस्ट') आणि पुढच्या वर्षी मुलांनी तिचाच गणपती केला. एक कान दुसऱ्याच्या दुप्पट. सुकताना पोटाला भेग गेली, ती ओल्या मातीनं लिंपली. ज्यांना स्वतः मूर्ती करायची नाही, त्यांच्याकडची शाडू गोळा करून पुन्हा मूर्तिकारांना देणारा 'पुनरावर्तन' म्हणून उपक्रम पुण्यात चालतो. माती द्यायला मुलांना बरोबर न्या.

आणि दुधाची पिशवी कापताना कोपरा पुरता उडवू नका, जरासा लटकता ठेवा. तो नखाएवढा तुकडा सुटला की कुठेच गोळा होत नाही, थेट मोरीत जातो. पिशवी धुऊन खिडकीच्या गजाला चिमट्यानं लावायची, हे काम आमच्याकडे थोरलीचं आहे. महिन्याचा गठ्ठा ती 'स्वच्छ'च्या ताईंच्या हातात देते आणि पैसे मागत नाही, कारण ते ताईंचे आहेत हे तिचं तिनंच ठरवलं आहे.

तुमचा लोळण घेणारा आता तीन वर्षांचा ना? धाकट्याचा तो पिवळा रेनकोट त्याला आखूड झाला आहे. तुमच्या मुलाला तो अजून दोन वर्षांनी बसेल, तोवर खोक्यावर त्याचं नाव घालून ठेवतो. धाकट्याला विचारलं आहे. तो म्हणाला, द्या, पण आधी माझा होता हे त्याला सांगा.

आणि दिवाळीत चकल्या पाठवल्या होत्या ते आमचे दोन डबे तुमच्याकडे आहेत. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून तुम्ही थांबला असाल तर थांबू नका. रिकामे चालतील, फक्त झाकणांसकट पाठवा.