सायकल जमते, उतरणं जमत नाही

जुलै, शुक्रवार रात्र

ऑफिसातून आले, बूट काढला, तर मोज्याच्या रबराचा खोल वळ मुरगळलेल्या डाव्या घोट्याभोवती उठलेला. सकाळी दोन्ही पाय अगदी सारखे दिसत होते. फिजिओ मॅडम म्हणतात, दिवसभर पाय खाली राहिला की सूज येणारच, रात्री उशीवर ठेवा, सकाळी ओसरेल. ओसरते. संध्याकाळी पुन्हा हजर. घाबरायचं नाही हे कळलंय मला, पण वैताग येतो त्याचं काय?

जूनमध्ये ठाण्यात नौपाड्यातून भाजी घेऊन येत होते. पहिला पाऊस होऊन गेलेला. फुटपाथवरचा एक पेव्हर ब्लॉक पायाखाली कलंडला, डावं पाऊल आत वळलं आणि 'कट' असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. घोडबंदर रोडवर कंटेनरच्या शेजारून सायकल काढणारी बाई मी, आडवी झाले ती हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन. सायकलच्या ग्रुपवर कळवलं तेव्हा आधी सगळ्यांना वाटलं सायकलवरून पडले. चालताना पाय मुरगळला म्हटल्यावर सहानुभूती निम्म्यावर आली.

डॉक्टरांनी घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडं मागच्या कडेने दाबून बघितली आणि चार पावलं टाकायला लावली. लंगडत का होईना, टाकली. म्हणाले, हाड शाबूत आहे, लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारी दोरी, अर्धवट फाटलंय, ग्रेड टू, एक्स-रेची गरज नाही. घरी सासूबाईंना हे काही पटेना. "फोटो काढल्याशिवाय त्यांना कळलं कसं गं?" मग मी वाचत बसले. कॅनडात ओटावामधल्या डॉक्टरांनी 1992 साली हे नियम बसवले. हाडाच्या ठराविक जागी दाबल्यावर दुखत नसेल आणि माणूस चार पावलं टाकू शकत असेल, तर मोडल्याची शक्यता फारच कमी. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि आंबेहळद उगाळायला घेतली.

लेपाने किती फरक पडला सांगता येत नाही, चादर मात्र कायमची पिवळी झाली. मी फ्रीजरमधल्या मटारची पिशवी घोट्याला लावून बसायचे तेव्हा त्यांना ते बघवायचं नाही. "मार लागल्यावर गार लावतात होय?" गंमत म्हणजे विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच, हा मंत्र ज्यांनी 1978 मध्ये दिला, त्या अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे 2014 मध्ये लिहिलं की बर्फामुळे आणि पूर्ण विश्रांतीमुळे भरून यायला उलट वेळ लागू शकतो. हे मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

रविवार

ग्रुप येऊरला, डोंगरावर गेला. सकाळी सातच्या आत फोटो यायला लागले. फाटकाच्या पुढचा ओला रस्ता, धुकं, मग खाली उपवन तळ्याला चहाचे कटिंग. "तुझी आठवण काढली गं" असा मेसेजही आला. मी हॉलमध्ये ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, समोर टीव्हीखालचं कपाट, बाजूला वाळत घातलेले कपडे. पावसाळ्यात ठाण्याच्या घरात सायकल आणि चादरी यांना जागा एकच.

पेडल मारताना दुखत नाही. चालताना दुखतं, जिना उतरताना दुखतं, झोपेत कूस बदलली तरी कधी कधी कळ येते, पण पेडल मारताना अजिबात नाही. घरातल्या कुणाला हे खरं वाटत नाही. परवा नवरा शेजारच्या काकांना सांगत होता, "पाय दुखतोय म्हणे, आणि तासभर सायकल हाणते." आता मी प्रत्येकाला समजावत बसत नाही, इथेच लिहून ठेवते. फाटलेलं लिगामेंट आहे ते बाहेरच्या घोट्याच्या पुढच्या अंगाला. पाऊल आत वळू न देणं हे त्याचं काम. सायकलवर पाऊल आत वळतच नाही, पेडल गोल फिरतं आणि पाऊल नुसतं वरखाली होतं. त्याला कामच नाही तर ते दुखेल कशाला? बोटं खाली झुकली की मात्र ताण येतो, म्हणून सीट थोडी खाली घेतली आणि पेडल चवड्याखाली न ठेवता तळव्याच्या मध्याकडे सरकवलं. वेग गेला. जाऊ दे.

याची दुसरी बाजू फिजिओ मॅडमनी दाखवली. मला भिंतीजवळ उभं केलं आणि पायाच्या कडेला रबरी पट्टा लावून पाऊल बाहेर ढकलायला सांगितलं. डावा दुखरा, ठीक आहे. पण उजवाही थरथरायला लागला! मांड्या अशा की जीन्स नेहमी एक साइज मोठी घ्यावी लागते, आणि घोट्याच्या बाजूचे स्नायू अगदीच लेचेपेचे. "तुम्हा सायकलवाल्यांचे पाय लोकलसारखे," त्या म्हणाल्या, "रुळावर जोरात, रूळ सोडला की संपलं." वाईट वाटलं, पण त्यांना उत्तर देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

आता दात घासताना डाव्या पायावर उभं राहायचं. आधी डोळे उघडे ठेवून, जमलं की मिटून. डोळे मिटले की बेसिन धरावं लागतं. हे असं का होतं ते इंग्लंडमधले हाडांचे डॉक्टर मायकेल फ्रीमन यांनी 1965 मध्ये मांडलं होतं. लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नव्हे, पाऊल कुठे आणि किती कललंय याची खबर देणाऱ्या नसांची टोकंही त्यात असतात. लिगामेंटबरोबर तीही दुखावतात. म्हणून सूज गेल्यावरही पाय अचानक दगा देतो, खबर पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. ताकद लवकर येते, खबर पोचवायला पुन्हा शिकवावं लागतं. लिगामेंटला रक्तपुरवठा तसाही कमी. आधी कसंतरी वेडंवाकडं ठिगळ भरतं, मग त्यावर थोडा थोडा भार पडेल तसे त्याचे धागे ताणाच्या दिशेने लागत जातात. याला महिने लागतात, वर्षही लागू शकतं. हे कळल्यापासून कॅलेंडरकडे बघणं बंद केलंय.

गुरुवार

ऐरोलीची लोकल ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून. पुलावरून खाली उतरताना कठड्याला धरून, एकेक पायरी. मागून माणसं "चला, चला" करत येतात. घोट्याला बांधलेला पट्टा बुटाच्या आत, त्यामुळे कुणाला काही दिसत नाही. प्लास्टर असतं तर वाट दिली असती. आज एका कॉलेजच्या मुलीने नुसतं माझ्या चालण्याकडे बघून स्वतः मधे उभं राहून मागचा लोंढा थोपवला आणि काही न बोलता निघून गेली.

गणपती, दुसरा दिवस

दिराकडे डोंबिवलीला. पाहुणे, उकडीचे मोदक, आणि जमिनीवर पंगत.

मांडी घालता येत नाही. हे माझ्या डोक्यातच नव्हतं, कारण घरी टेबलावर जेवतो आम्ही. मांडी घातली की बाहेरचा घोटा फरशीवर टेकतो आणि पाऊल खाली आणि आत वळतं, म्हणजे ज्या दिशेला ते मुरगळलं नेमक्या त्याच दिशेला. चार घास गिळले आणि पाय पसरला. पानाकडे पाय करून बसलेली सून! सासूबाईंनीच सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "तिचा पाय बरा नाहीये, बसू दे तिला." फोटो न काढल्याचा राग निवळलेला दिसतो.

आरतीला मात्र खरी मजा आली. 'सुखकर्ता'पासून मी गुपचूप डाव्या पायावरच भार देऊन उभी होते, तेवढाच सराव. टाळ वाजवताना हात हलतात, तोल सावरायला बरं पडतं. मग 'घालीन लोटांगण' सुरू झालं आणि सगळे जागच्या जागी गोल फिरायला लागले. मी डाव्यावर वळायला गेले आणि पायाने साफ नकार दिला. दुखलं असंही नाही. पाऊल फरशीला चिकटल्यासारखं, वरचं अंग वळलेलं आणि मधला घोटा कुणाचंच ऐकेना. जाऊबाईंनी खांदा धरला. घरी येताना गाडीत तोच विचार. वळणं तर सायकलच्या शूजमध्येही आहे. शूजच्या तळाची क्लीट पेडलच्या खाचेत अडकलेली असते, ती सोडवायची तर टाच बाहेरच्या बाजूला झटकावी लागते आणि झटका बसतो तो याच जागी. पेडलची स्प्रिंग ॲलन कीने सैल करता येते, ग्रुपमधल्या काकांनी सुचवलंही. पण सिग्नलला पाय सुटला नाही तर?

फिजिओ मॅडमना लोटांगणाचं सांगितलं. हसल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तोच व्यायाम लावला. एका पायावर उभं राहून कमरेपासून वळायचं, पाऊल हलवायचं नाही.

ऑक्टोबर, रविवार

फ्लॅट पेडल लावले, शूज न अडकणारे, साधे. रस्त्यावर.

वर्तकनगरहून उपवन, तळ्याला फेरी आणि परत. पूर्वी याला मी वॉर्मअपही म्हटलं नसतं. चालवायला काहीच वाटलं नाही, पाय आपले आपण फिरत होते. थांबणं हा खरा प्रश्न. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे थांबताना डावाच पाय टेकतो. आणि डावीकडे काय असतं? रस्त्याची कड उतरती, खडी सांडलेली, गटाराचं झाकण वर आलेलं, पावसाने उखडलेल्या डांबराचे तुकडे. जिथे सपाट आहे तिथे रिक्षा उभी. हे इतकी वर्षं कधी डोळ्यांत आलं नव्हतं, पाय आपला आपण टेकायचा. आता सिग्नल दिसला की लांबूनच जागा शोधते.

मॅडमनी उजवा पाय टेकायला शिका म्हणून सांगितलं होतं. सोसायटीच्या आवारात सराव केला, वॉचमन कौतुकाने बघत होता. रस्त्यावर ते जमत नाही. उजवीकडे भार दिला की सायकल वाहतुकीच्या अंगाला कलते आणि पोटात गोळा येतो. म्हणून डावाच, पण सीटवरून पुढे सरकून, आधी ब्रेक, मग पूर्ण पाऊल सपाट. नुसता चवडा टेकवायचा नाही, चवड्यावर घोटा डुगडुगतो. पोखरणच्या सिग्नलला हे सगळं मनात म्हणत थांबले. मागचा बाइकवाला हॉर्न वाजवत होता. वाजवू दे.

उपवनला ग्रुप भेटला, येऊरहून उतरून आलेला. काकांनी माझे पेडल बघितले, काही बोलले नाहीत, चहा पुढे केला. पुढच्या महिन्यात गायमुखला जायचं ठरतंय. सपाट रस्ता, पण घोडबंदरचे सिग्नल मोजले तर येऊरचा चढ परवडला. चढात थांबावं लागत नाही. मी येऊर म्हटलं, सगळे हसले, पण माझं गणित बरोबर आहे.

उकिडवं बसता येतं आता, टाच न उचलता. भिंतीला गुडघा टेकवायच्या परीक्षेत डावा पाय उजव्यापेक्षा अजून दोन बोटं मागे आहे. संध्याकाळी मोज्याचा वळ उठतो, पण पुसट.

बुधवारी फिजिओकडे. या वेळी लंगडी घालून दाखवायची आहे, सरळ नाही, आडवी, जमिनीवर आखलेल्या रेघेच्या या बाजूला आणि त्या बाजूला. शाळेत लंगडीच्या डावात मी कायम पहिल्या फेरीत बाद व्हायचे, दोन्ही पाय धडधाकट असताना. हे मॅडमना आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर सगळं खापर लिगामेंटवर फुटायचं.